अंगणातली रंगीत पानांची झाडं : लावा, पण डोळसपणे लावा

(शेतकरी बंधू-भगिनींसाठी नभोवाणीवर दिलेलं भाषण)



दोन पावसाळ्यांमागची गोष्ट आहे. रावेर तालुक्यातल्या एका गावी केळीची पाहणी करायला गेलो होतो. रस्त्याला लागून घर आणि घराच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर केळीची बाग. लागवड होऊन दोन महिने झालेले. आबांनी ओट्यावर सतरंजी टाकली, आक्कांनी चहा आणला. चहा पिता पिता माझी नजर ओट्याच्या कडेला ठेवलेल्या तेलाच्या जुन्या डब्याकडे गेली. डब्यात केळीचं एक लहान रोप होतं. हिरव्या पानावर पिवळे पिवळे पट्टे, जणू कुणी कुंचल्याने ओढलेत.

आक्का कौतुकाने म्हणाल्या, "बघा साहेब, कसं नक्षीचं निघालं! हे तर उपटून फेकायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या, दाराशी शोभेल. शहरात लोक पैसे मोजून असली पानं आणतात."

माझा घोट घशातच राहिला. ती नक्षी नव्हती, तो हरण्या होता. ज्याला आपण सीएमव्ही म्हणतो तोच विषाणू. आक्कांनी रोग कुंडीत लावून, रोज पाणी घालून, बागेच्या उंबऱ्यावर जपून ठेवला होता.

रोप उपटायला सांगितलं तेव्हा आक्का हिरमुसल्या. म्हणाल्या, "म्हणजे शेतकऱ्याच्या बाईने दाराशी शोभेचं काही लावूच नाही का?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. लावावं, जरूर लावावं. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला दाराशी दोन रंगीत पानं दिसली तर शीण उतरतो. पण कोणतं लावावं, कुठं लावावं आणि त्यापासून पिकाला, लेकरांना, गुरांना कसं जपावं, हे माहीत हवं. आजचं बोलणं त्यावरच आहे.

ही झाडं कुठली आणि त्यांना काय लागतं

क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, ड्रेसिना, डिफेनबेकिया, मनी प्लांट ही सगळी पानांसाठी लावायची झाडं. यांची फुलं नावापुरती असतात, सगळी शोभा पानांत. यातली बहुतेक उष्ण आणि दमट मुलखातली. क्रोटन मलाया आणि पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडचं, कोलियस जावा बेटाच्या बाजूचं, कॅलेडियम आणि डिफेनबेकिया दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली. तिथं वर्षातले बहुतेक महिने पाऊस, हवेत सतत ओल आणि डोक्यावर मोठ्या झाडांची सावली.

आपल्याकडे काय आहे? जळगावला वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलीमीटर, धुळ्याला त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांत पडून मोकळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारचा वारा भट्टीतून आल्यासारखा लागतो. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. म्हणजे या झाडांच्या दृष्टीने आपला मुलूख दोन्हीकडून वाईट.

मग इथं ती जगतील कशी? त्याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. कारण याच कोरड्या मुलखात तुम्ही केळी पिकवता, आणि तीसुद्धा उष्ण, दमट मुलखातलीच मोठ्या पानाची वनस्पती आहे. केळीसाठी तुम्ही काय करता? बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावून वारा अडवता. बुडाशी पाला पसरून ओल धरता. पाणी थोडं पण वेळेवर देता आणि साचू देत नाही. थंडीत चरका पडू नये म्हणून रात्री पाणी देता, बागेत धूर करता. वारा अडवणं, सावली, ओल आणि निचरा, एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या की क्रोटनसुद्धा तुमच्या दाराशी नांदेल.

माझी चूक ऐका

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकत असताना जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन पाहिलं. तिथले क्रोटन पाहून वेडा झालो. लाल, पिवळी, तांबूस, पिळाची, ठिपक्यांची पानं! एप्रिलमध्ये एका रोपवाटिकेतून सहा क्रोटन आणले आणि गावी घरासमोर, भर उन्हात, काळ्या मातीत लावून टाकले. सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घातलं. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या, पंधरा दिवसांत पानं गळाली, महिनाभरात नुसत्या काड्या उरल्या. माझी आई म्हणाली, "शिकलेल्या माणसाने लावली ना, म्हणून."

काय चुकलं? पुण्याला ती झाडं मोठ्या वृक्षांच्या सावलीत, थंडीच्या दिवसांत पाहिली होती हे मी विसरलो. उन्हात पान जेवढं पाणी वाफेने सोडतं, तेवढं पाणी नव्या झाडाची तुटकी मुळं ओढू शकत नाहीत. मग बुडाशी चिखल असला तरी पान तहानलेलंच राहतं. त्यात काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. म्हणजे झाड वरून वाळलं आणि खालून कुजलं. तेव्हापासून मी एक नियम पाळतो, तुम्हीही पाळा. ही झाडं मृगाचा पाऊस झाल्यापासून पोळ्यापर्यंतच लावायची. उन्हाळ्यात कुणी फुकट दिली तरी लावायची नाहीत.

जागा कशी निवडावी

घराच्या पूर्वेची बाजू सगळ्यांत चांगली. सकाळी नऊ-दहापर्यंतचं कोवळं ऊन मिळतं, दुपारनंतर घराचीच सावली पडते. उत्तरेची बाजूही चालते. पश्चिमेची भिंत मात्र टाळा. उन्हाळ्यात ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

अंगणात निंबाचं झाड असेल तर त्याची विरळ सावली फार उपयोगी. तसं झाड नसेल तर चार बांबू रोवून पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा विरळ मांडव करा. वरून ठिपक्या-ठिपक्यांचं ऊन खाली यावं, इतपत विरळ. मिळत असेल तर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी, म्हणजे शेडनेट, बांधा. वाऱ्याच्या बाजूला एक ताटी उभी करा किंवा शेवरीची ओळ लावा.

कुंड्या एकेक लांब न ठेवता एकत्र ठेवा. एका झाडाच्या पानातून निघालेली ओल शेजारच्या झाडाला मिळते. दाट बागेत शिरलं की गारवा लागतो ना, तेच इथं होतं.

माती आणि कुंडी

नुसती काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की कडेने भेगाळते. मग घातलेलं पाणी भेगेतून सरळ खाली जातं आणि मध्यला गोळा कोरडाच राहतो. दोन घमेली माती, एक घमेलं जाडी वाळू आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, असं मिश्रण करा. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड टाका. वाळू नसेल तर भुईमुगाची कुजवलेली टरफलंही चालतात.

कुंडी मातीचीच हवी असं नाही. तेलाचा डबा, फुटकी बादली, जुनं टोपलं काहीही चालेल. पण बुडाला भोकं हवीत आणि भोकांवर खापराचा तुकडा पालथा ठेवायला हवा. डबा पत्र्याचा असेल तर उन्हाळ्यात तो तापून मुळं भाजतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा.

पाणी : आधी घरचं, मग झाडाचं

मी अशी गावं पाहिली आहेत जिथं मार्चनंतर टँकरची वाट बघावी लागते. अशा गावात शोभेच्या झाडांसाठी विहिरीवरून एक जादा हंडा आणायला लावणारा सल्ला मी देणार नाही. घरात पाण्याचा हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो, किती कुंड्या ठेवायच्या हे त्यांनीच ठरवावं. दोन-चार कुंड्या नीट जगवल्या तर त्या वाळलेल्या वीस कुंड्यांपेक्षा बऱ्या.

भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी या झाडांना चांगलं. अंघोळीचं पाणी कर्दळ, अळू आणि दाराशी जमिनीत लावलेल्या झाडांना चालतं. फार साबणाचं आणि कपड्यांच्या सोड्याचं पाणी कुंडीत घालू नका.

कुंडीला पाणी कधी द्यायचं? घड्याळ पाहू नका, बोट पाहा. बोटाचं पेर मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज पाणी नको, कोरडं लागलं तर द्या. उन्हाळ्यात रोज लागेल, थंडीत चार-पाच दिवसांनी पुरेल. या झाडांपैकी जेवढी तहानेने मरतात, त्याहून जास्त पाण्याने कुजून मरतात. कुंडीवर वाळलेला पाला किंवा भुसा पसरला तर पाणी बरंच वाचतं.

काही विहिरींचं आणि कूपनलिकांचं पाणी मचूळ असतं. त्याने कुंडीच्या मातीवर पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी पावसाचं पाणी झाकणाच्या पिंपात धरा आणि महिन्यातून एकदा कुंडीला भरपूर द्या, इतकं की खालून वाहून जाईल. साचलेले क्षार त्याबरोबर जातील.

एक गोष्ट विसरू नका. कुंडीखालच्या बशीत, मनी प्लांटच्या बाटलीत आणि उघड्या पिंपात साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी बशा कोरड्या करून पुसा, बाटलीचं पाणी बदला. आरोग्य खातं सांगतं तो कोरडा दिवस हाच.

कोणती झाडं लावावीत

नवशिक्याने अवघड झाडापासून सुरुवात करू नये. सोप्याकडून अवघडाकडे जावं.

स्नेक प्लांट – लांब, उभ्या, पट्ट्याच्या पानांचं. मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. ऊन, सावली, विसर सगळं सोसतं. पंधरा दिवस पाणी चुकलं तरी मरत नाही, पण रोज पाणी दिलं तर कुजतं. टंचाईच्या गावासाठी याच्यासारखं दुसरं झाड नाही.

जांभळ्या पानांची सेटक्रिशिया – कांडी टोचली की लागते. जितकं ऊन जास्त, तितका जांभळा रंग गडद. दाराच्या पायरीलगत ओळीने लावा.

अकॅलिफा आणि अरेलिया – कुंपणाच्या आतल्या बाजूला झुडपासारखी वाढतात, छाटणी सोसतात. अकॅलिफाचं तांबडं पान उन्हात खुलतं, मात्र त्याला पाणी लागतं.

मनी प्लांट – चोरून आणलं तर पैसा येतो असं म्हणतात. चोरून आणलं तर त्याबरोबर पिठ्या ढेकूणही येतो, एवढं मी खात्रीने सांगतो. हा वेल खाली लोंबता ठेवला तर पान लहानच राहतं. निंबाच्या खोडावर चढवला तर पान मोठं होत जातं, कारण जंगलात तो वर चढतच वाढलेला आहे.

कोलियस – पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मखमलीसारखं दिसतं. तुरा दिसताच खुडा, नाहीतर झाड उंच होऊन पानं विरळ होतात. उन्हाळ्यात मोठं झाड वाचवण्यात दम नाही. फेब्रुवारीत चार कांड्या लहान कुंडीत लावून ओट्यावर सावलीत ठेवा आणि पावसाळ्यात त्यांचंच बेणं वापरा.

कॅलेडियम – अळूच्या घराण्यातलं, पांढऱ्या-गुलाबी पानांचं. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडू लागतात. झाड मेलं असं समजून फेकू नका, ते झोपी गेलेलं असतं. पाणी बंद करा, कंद काढून कोरड्या वाळूत घरात ठेवा आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा लावा. हळदीचं बेणं जपणाऱ्याला हे शिकवायला नको.

क्रोटन – सगळ्यांत देखणं आणि सगळ्यांत हट्टी. गर्द सावलीत पान नुसतं हिरवं होतं, दुपारच्या उन्हात करपतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली दिली तरच रंग धरतं. जागा वारंवार बदलली की पानं टाकतं. एकदा बसलं की वर्षानुवर्षं टिकतं.

पानावर पांढरा भाग जितका जास्त, तितकं झाड नाजूक, हे लक्षात ठेवा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही. अशी झाडं हळू वाढतात आणि उन्हात आधी भाजतात.

शिवाय खायची पानंही कमी देखणी नसतात. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर काळ्या देठाचा अळू लावा, वाफ्यात लाल माठ टाका. शोभाही होईल आणि कोरड्यासही होईल.

रोपं घरीच करा

कोलियस, मनी प्लांट, सेटक्रिशिया, अकॅलिफा यांच्या कांड्या पावसाळ्यात सहज लागतात. तीन-चार डोळ्यांची कांडी घ्या, खालची पानं काढा, एक-दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत लावा. ड्रेसिनाचं खोड चार-चार इंचांचं कापून लावलं तरी फुटतं.

क्रोटनला गुटी कलम बांधा. साक्री भागात डाळिंबाला गुटी बांधणाऱ्यांच्या हाताला ही सवय आहेच. जून-जुलैत पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात मुळ्या दिसल्या की खालून कापून कुंडीत लावायचं. क्रोटनचा चीक काहींच्या अंगाला खाजतो, काम झाल्यावर हात धुवा.

पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट पान कापून लावलं तर रोप येतं, पण पिवळा काठ येत नाही. नुसतं हिरवं निघतं. काठ हवा असेल तर बुडातून कोंब अलग करूनच लावा.

पावसाळ्यात पंधरा दिवसांनी चहाच्या रंगाइतपत पातळ केलेला शेणकाला द्या, एवढं खत पुरतं. युरिया द्यायचाच झाला तर एक लीटर पाण्यात एक ग्रॅम, त्याहून जास्त नको. पिकाच्या हाताने कुंडीला मूठभर युरिया टाकाल तर झाड दोन दिवसांत जळेल. कडक उन्हाळ्यात आणि कडक थंडीत कसलंच खत देऊ नका.

उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळी आणि तांबूस ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा मारा. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून काढा. मग ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. एक लीटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजत घाला, सकाळी गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका. शेतातली जहाल औषधं ओट्यावरच्या कुंड्यांना कधीही वापरू नका. तिथं लेकरं खेळतात.

शोभेचे पट्टे कोणते आणि रोगाचे कोणते

आता आक्कांच्या डब्यातल्या रोपाकडे वळू.

हरण्या रोग मावा पसरवतो. रोगट पानावर मावा काही क्षण जरी बसला, तरी त्याच्या सोंडेला विषाणू लागतो आणि तो शेजारच्या निरोगी रोपावर जाऊन सोंड खुपसतो. लागवडीपासून पहिल्या तीन महिन्यांतली कोवळी केळी याला लवकर बळी पडते. जून ते ऑगस्टमध्ये ढगाळ, पावसाळी हवेत हा रोग जोर धरतो. याच्यावर औषध नाही. रोप उपटून बागेबाहेर खोल पुरणं किंवा जाळणं एवढाच इलाज. ते उपटण्याआधी माव्यासाठी फवारणी करावी, नाहीतर हलवल्याने मावा उठून दुसरीकडे जातो.

मग पट्टे ओळखायचे कसे? जातीचे पट्टे असले तर पान सपाट, तजेलदार असतं, झाड जोमात वाढतं आणि जुन्या-नव्या सगळ्या पानांवर तशीच नक्षी असते. रोगाचे पट्टे तुटक असतात, कडेकडून मध्यशिरेकडे आलेले. पान अरुंद होतं, कडा वाकड्या-लाटेसारख्या होतात, पोंगा कधी कुजतो, झाड खुरटं राहतं. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे आधी हिरवं असलेलं झाड अचानक नक्षीचं झालं तर ती नक्षी नाही. केळीच्या बाबतीत तर नियम सोपा ठेवा. आपल्या बागेत पट्ट्याचं पान निघालं तर ते रोगाचंच समजा, कुंडीत लावू नका, कुणाला देऊ नका.

काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि केन्यासारख्या तणांवरही हा विषाणू राहतो. म्हणून केळीची बाग घरालगत असेल तर अंगणातलं तण स्वच्छ ठेवा आणि काकडी-भोपळ्याचे वेल बागेच्या कडेला चढवू नका.

दुसरा धोका मातीतून येतो. केळीच्या मुळांत बोगदे करणारी सूत्रकृमी शोभेच्या कित्येक झाडांच्या मुळांतही राहते. बाहेरून आणलेल्या रोपाच्या मातीच्या गोळ्यात ती असेल तर डोळ्याला दिसत नाही. म्हणून बाहेरचं रोप आणलं की पंधरा-वीस दिवस वेगळं ठेवा, पानं उलटून पाहा. कुंडीची जुनी माती केळीच्या बागेत टाकू नका. शोभेची झाडं कुंडीतच ठेवा, बागेच्या सरीत लावू नका.

छाटलेल्या कांड्या नाल्यात किंवा बांधावर फेकू नका. आज ओढे-तलाव झाकणारी जलपर्णी आणि सातपुड्याच्या रानात माजलेली घाणेरी, दोन्ही आपल्या देशात शोभेची म्हणूनच आली होती.

लेकरं आणि गुरं

हा भाग नीट ऐका. डिफेनबेकिया म्हणून मोठ्या, ठिपक्या-ठिपक्यांच्या पानाचं झाड असतं. फार देखणं. पण त्याच्या पानात आणि खोडात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चा अळू किंवा सुरण खाल्ला की घसा खाजतो ना, त्याच जातीचे, पण इथं त्रास फार जास्त. लेकराने पान चावलं तर जीभ, ओठ आणि घसा सुजतो, लाळ गळते, बोलता येत नाही. सूज वाढली तर श्वासालाही अडथळा होतो. कॅलेडियम, मनी प्लांट, मॉन्स्टेरा ही त्याच घराण्यातली.

असं झालं तर तोंडातले तुकडे बोटाने काढा, तोंड पाण्याने धुवा, गिळता येत असेल तर गार पाणी किंवा दूध घोट-घोट पाजा. ओकारी काढायला लावू नका. सूज वाढत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठा, आणि झाडाचं एक पान सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना कळेल.

रांगतं लेकरू घरात असेल तर डिफेनबेकिया लावूच नका, हा माझा स्पष्ट सल्ला. छाटलेली पानं गव्हाणीत किंवा शेळीपुढे टाकू नका. आणि कॅलेडियम खायच्या अळूशेजारी कधीही लावू नका. संध्याकाळच्या अंधारात वडीसाठी पानं खुडताना चूक व्हायला वेळ लागत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

१. लावणी मृगापासून पोळ्यापर्यंत. उन्हाळ्यात नाही.
२. पूर्वेची बाजू, सकाळचं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा.
३. माती, वाळू आणि शेणखत २ : १ : १. कुंडीच्या बुडाला भोक हवंच.
४. बोटाने ओल पाहून पाणी. आठवड्यातून एक कोरडा दिवस.
५. पट्ट्याचं केळीचं रोप म्हणजे रोग. शोभा म्हणून जपू नका.
६. नवं रोप पंधरा-वीस दिवस वेगळं. कुंडीची माती बागेत नाही.
७. लहान लेकरू असेल तर डिफेनबेकिया नाही.

बचत गटातल्या भगिनींना यातून रोपं करून विकायची असतील तर पहिल्या वर्षी पंचवीस-तीस रोपांवर हात बसवा, गिऱ्हाईक कोण ते पाहा आणि मगच वाढवा. पिकाची जमीन त्यासाठी अडवू नका. पानावर शंका आली तर ते पान कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात दाखवा. विचारायला पैसे पडत नाहीत.

रावेरकडच्या त्या घरी मी गेल्या पावसाळ्यात पुन्हा गेलो होतो. तो तेलाचा डबा तिथंच होता, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळलेलं. आत एक क्रोटन होतं, लाल-पिवळ्या पानांचं, चांगलं गुडघ्याएवढं. आबा म्हणाले, "साहेब, आता ही बागेत शिरली की आधी पट्टे शोधते. यंदा चार रोपं तिनेच दाखवली, मला दिसली नव्हती." आक्का चहा आणत होत्या. आतूनच म्हणाल्या, "नक्षी कोणती अन् रोग कोणता, ते आता कळतं म्हणावं."

तेवढं आपल्या सगळ्यांना कळावं, एवढीच इच्छा. राम राम.